मिटल्या ओठांचा षड्ज

“त्या दोघांना सांगून ये,” बाई म्हणाल्या. “उजेड पाडायचा नाही.”

मी तंबोरा जुळवत होते. खर्जाची तार अजून हलत होती. पण बाईंनी सांगितलं की उठायचं. तंबोरा गादीवर आडवा ठेवला आणि विंगेतून खाली उतरले.

बाहेर सकाळचं लख्ख ऊन होतं आणि आत सभागृहात मिट्ट काळोख. मंडळाच्या लोकांनी खिडक्यांना काळे पडदे लावले होते. द्वारकाबाई म्हापणकरांची ती अटच असे. व्यासपीठावर एकच दिवा, तोही त्यांच्या तोंडावर. मागं उजेड नको. मागं उजेड असला की ऐकणाऱ्याचं लक्ष फाटतं, असं त्या म्हणत. आयोजक मान डोलवत आणि जाऊन बल्ब काढत.

फोटोवाले दोघे होते. एक मंडळाचा नेहमीचा, गावातल्या स्टुडिओचा. त्याला सांगितलं, त्याने हो म्हटलं आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पुसायला घेतला. दुसरा दैनिकाचा, शिकलगार नावाचा. तो पहिल्या रांगेसमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता.

“ताई, इथं मला माझेच पाय दिसंनात,” तो म्हणाला. “बिनउजेडाचा फोटो काढायचा तर घरनं मांजर आणायला पायजे होतं, कॅमेरा नव्हं.”

बाईंच्या डोळ्यांना त्रास होतो, असं मी सांगितलं. मलाही तेच सांगण्यात आलं होतं. तो म्हणाला, एकच मारतो, सुरुवातीला, मग कॅमेरा पिशवीत. मी म्हटलं, एकही नाही. त्याने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि हात वर केले, पोलिसांना शरण आल्यासारखे.

मी परत आले. बाई आरशासमोर पदर सारखा करत होत्या.

“काय म्हणाले?”

“ऐकतील.”

“ऐकणारे असते तर कॅमेरे कशाला घेतले असते गो त्यांनी?”

मग आरशातूनच माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, “आज नीट सांभाळ. माईणकर समोर बसलेत. कार्यक्रम झाला की डिसेंबरचं बोलते मी त्यांच्याशी.”

डिसेंबरचं.

एवढ्या एका शब्दावर मी तो सगळा उन्हाळा काढला होता. डिसेंबरात मंडळाचा संगीत महोत्सव असे आणि त्यात एका दुपारी नव्या गायिकेला एकटीने गायला मिळत असे. रघुवीर माईणकर मंडळाचे चिटणीस आणि त्याच दैनिकात गाण्यावर लिहिणारे. ते नाव ठरवत, पण गुरूने शब्द टाकल्याशिवाय नाही. आणि आमच्याकडे गुरूने सांगेपर्यंत शिष्येने लोकांसमोर एकटीने तोंड उघडायचं नसतं. मी बाईंच्या मागं तंबोरा घेऊन इतकी वर्षं बसले होते की माझ्यानंतर इतरांकडे शिकायला लागलेल्या मुली रेडिओवर गाऊन, लग्नं करून, गाणं सोडूनही मोकळ्या झाल्या होत्या. घरी आईने विचारणं बंद केलं होतं. आणखी एखादं वर्ष गेलं असतं तर ‘नवोदित गायिका कालिंदी दुधाणे’ म्हणताना निवेदकालाच हसू आलं असतं.

पडदा उघडला. बाईंनी तोडी घेतली.

तोडी त्यांची. सकाळची वेळ, तो एक दिवा, आणि कोमल गंधाराला त्या अशा बिलगायच्या की ऐकणारा खुर्चीत आपोआप पुढं सरकायचा. मी मागून साथ करत होते. त्यांची ओळ संपता संपता तिचं शेपूट उचलायचं, त्यांनी श्वास घेतला की जागा भरायची, आणि पुन्हा मागं सरायचं. साथीला बसलेली शिष्या हे करतेच. पण लोक आले होते ते वरच्या सासाठी. बाईंचा वरचा सा लांबवर जायचा. त्याला टोक नसायचं. घड्याळ लावून बसणारे लोक होते.

बाई गंधारावरून चढल्या. धैवत, निषाद. उजवा हात वर गेला. वरचा सा लागला, सुईच्या टोकावर मोती ठेवावा तसा. आणि

*

सोमवारच्या अंकात फोटो पाव पानभर आला.

त्यात काय दिसतं ते सांगते, कारण तो फोटो पुढं पुष्कळांच्या बैठकीच्या खोलीत लागला आणि तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल.

बाई बसलेल्या आहेत. हात वर, बोटं उमललेली. डोळे मिटलेले. ओठही मिटलेले. चेहऱ्यावर एवढी शांतता की फोटोला हळद-कुंकू वाहावं.

त्यांच्या खांद्यामागं तंबोरा धरलेली एक बाई. तिचेही डोळे मिटलेले, पण कसे, कुणी चापट मारल्यासारखे. तोंड टाळू दिसेपर्यंत उघडं. डावा तळवा तोंडाजवळ येऊन थबकलेला.

खाली ओळ: गुरूंची समाधी, शिष्येची जांभई.

वर माईणकरांचा लेख. ऐन षड्जाच्या वेळी दोन बेमुर्वत फोटोवाल्यांनी बाईंच्या तोंडावर एकामागून एक वीज पाडली. दुसरा कुणी असता तर सूर तुटला असता. पण बाईंचा सा तसूभर हलला नाही. उलट अधिकच पसरला, गोल झाला, त्या उजेडालाच पोटात घेऊन पुढं गेला. सभागृह उठून उभं राहिलं. असं सगळं. लेख चांगला होता. माईणकरांची भाषा चांगलीच होती.

मी शाळेत गाणं शिकवत असे. मुलींनी त्या दिवशी प्रार्थनेपासूनच चिडवायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत एकीने हळूच जांभई दिली, मग मागच्या रांगेत साथ पसरली. मी पेटीवर मान खाली घालून बसले. मुख्याध्यापिका मधल्या सुट्टीत प्रेमाने म्हणाल्या की दुधाणेबाई, रात्री लवकर झोपत जा हो. भावाने घरातला अंक लपवला. शेजाऱ्यांनी आपला आणून दिला.

मग कुणीतरी विचारलंच. फोटोत बाईंचे ओठ मिटलेले कसे? सूर तर चालू होता, हजारभर लोकांनी ऐकला.

त्याचंही उत्तर माईणकरांनी पुढच्या रविवारी दिलं. खरा आकार ओठांत नसतोच, असं त्यांनी लिहिलं. तो टाळूच्या मागं, नाभीच्या वाटेवर कुठंतरी असतो. परिपक्व गायक वरच्या षड्जावर पोचला की ओठांचं काम संपतं. ते आपोआप मिटतात. बाईंच्या गुरुपरंपरेचं हे गुपित इतकी वर्षं अंधारात राहिलं होतं, एका उर्मट फ्लॅशने ते उजेडात आणलं.

लोकांनी ते मानलं. लोकांनी ते नुसतं मानलं नाही, पाठ केलं. महिन्याभरात गावातल्या गाण्याच्या क्लासांमधून मुली ओठ आवळून वरचा सा लावायला लागल्या. रस्त्याने जाताना ऐकू यायचं. डब्यात अडकलेल्या माशीसारखं.

*

आता ते मधलं.

बाईंचा श्वास दोन-तीन वर्षांपासून आखूड झाला होता. सूर नव्हता गेला. सूर लावणं शेवटपर्यंत त्यांचंच राहिलं. वरच्या सावर त्या जशा उतरायच्या, वरून, पंख मिटत बसणाऱ्या पाखरासारख्या, तसं मला कधी जमलं नाही. पण लावलेला सूर टिकवायला छातीत हवा लागते आणि ती उरली नव्हती. म्हणून आम्ही एक रीत बसवली होती. बसवली म्हणजे ठरवून, बोलून नाही. एकदा त्यांनी डाव्या हाताने गुडघा दाबला, मी सूर उचलला, आणि घरी आल्यावर त्या त्याविषयी काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा दाबला.

त्यांचा सा आणि माझा सा यांच्यात सांधा ऐकू येता कामा नये. तोच आकार, तीच जाडी, तोच किंचित नाकातला कण. मग मी धरून ठेवायचा. त्या तोंड उघडं ठेवून, हात वर ठेवून, सावकाश हवा भरून घ्यायच्या. छाती भरली की त्या आत यायच्या, मी बाहेर पडायचे, आणि खाली उतरणं पुन्हा त्यांचं. घड्याळ लावून बसणारे जे मोजायचे त्यातलं बहुतेक माझं होतं. त्या सांध्याचा मला अभिमान होता. आमच्या घरी चार पिढ्या मागावर गेल्या. तुटलेलं सूत जोडून गाठ दिसू न देणं हे माझ्या रक्तात असावं. फक्त अशा कामाची फुशारकी कुणापुढं मारता येत नाही.

त्या सकाळी बाईंनी गुडघा दाबला. मी उचललं. त्याच क्षणी स्टुडिओवाल्याने फ्लॅश मारला.

बाई दचकल्या. त्यांचं तोंड फटकन मिटलं. माझेही डोळे गच्च मिटले, हात आपोआप उजेडाच्या आड आला. पण सूर सोडला नाही. डोळ्यांपुढं हिरवे-जांभळे गोळे नाचत होते आणि मी त्यांच्या पलीकडे कुठंतरी तो सा धरून होते. तो सुटला असता तर बाई संपल्या असत्या. मिटलेल्या तोंडाची गायिका आणि सभागृहात शांतता. मग शिकलगारला वाटलं, एकाने मारलाय तर आपण का मागं राहायचं. त्याने मारला. तो हा फोटो.

टाळ्या पडायला लागल्या. टाळ्यांच्या आडून बाई शांतपणे आत आल्या, मी बाहेर पडले.

माझ्या आयुष्यात मी इतका चांगला सूर पुन्हा धरला नाही.

*

माईणकर बँकेत नोकरीला होते. मी दुपारी गेले तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. डिसेंबरचं विचारलं तर टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला तोच फोटो बोटाने झाकायचा प्रयत्न केला.

ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, बाईंनी तुमचं नाव त्याच दिवशी सांगितलं होतं, मी हो पण म्हटलं होतं. पण आता लोक हसतील हो. तुम्ही तोंड उघडलंत की पहिली आठवण तीच येणार. एक वर्ष जाऊ दे, लोक विसरतात. मी म्हटलं, मी जांभई देत नव्हते. ते म्हणाले, अहो, माणूस आहे, येते एखाद्याला. पहाटेचा रियाज, सततचा प्रवास. त्यांनी मला माझ्याच जांभईची कारणं एकेक करून सांगितली. तरीपण, चहा संपल्यावर ते म्हणाले, बाईंनी स्वतः पुन्हा शब्द टाकला तर मला नाही म्हणता यायचं नाही.

तिथून मी दैनिकाच्या कचेरीत गेले. शिकलगार जिन्यात विडी ओढत होता. मला बघून त्याने ती पाठीमागं लपवली.

“ताई, खालची ओळ माझी न्हाई,” तो आधीच म्हणाला. “आम्ही नुसतं दाबतो. भाषा वरनं येती.”

त्याच्याकडे मोठी प्रत होती. ती त्याने खिडकीत धरली. मी त्याला त्यातला माझा गळा दाखवला. हनुवटीखालून दोन शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. त्याने बघितलं. मग बाईंकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे, फोटोतल्या.

“मग ह्या टायमाला,” तो सावकाश म्हणाला, “बाई काय करत हुत्या?”

त्याने फोटो उलटा करून ठेवला. मग म्हणाला, की हे मी वर जाऊन सांगितलं तर मला हाकलतील आणि तुम्हाला वेडी म्हणतील. बाई एक वाक्य बोलल्या तर मात्र उद्याच्या अंकात येईल. एकच वाक्य.

तेच मी रस्ताभर घोकत गेले. साथीला असलेली मुलगी गात होती. एवढंच. सूर कुणाचा ते सांगू नका. नुसतं, गात होती.

*

बाई मागच्या अंगणात मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

“बस गो. उभ्या उभ्या बोलू नको, मान दुखते माझी.”

मी पायरीवर बसले. फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, जरा लांब धरून बघितलं, जरा जवळ आणून बघितलं.

“तुझा वाईट आलाय,” त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. शाळा, माईणकर, डिसेंबर. त्या ऐकत होत्या. मधेच पाणी निवलं म्हणाल्या, म्हणून मी आत जाऊन तांब्याभर कढत पाणी आणून घातलं आणि पुढचं सांगितलं.

“मग मी काय करू?”

“माईणकरांना सांगा. मी गात होते म्हणून.”

“साथीला बसलेली गातच असते. त्यात सांगायचं काय?”

“बाई, तो सा.”

“तो सा कुणी लावला?”

“तुम्ही लावलात.” मग मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. “धरला मी.”

त्यांनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पायाने पाणी थोडं हलवलं आणि शिकवताना बोलत तशा आवाजात म्हणाल्या,

“लोकांना एकच सा ऐकू आला ना?”

“हो.”

“दोन ऐकू आले असते तर तुझं एवढ्या वर्षांचं शिकणं फुकट गेलं असतं. एक ऐकू आला म्हणजे तू शिकलीस. आता तू म्हणतेस, जाऊन लोकांना सांगा की दोन होते. म्हणजे काय सांगू, हिला येत नाही असं सांगू?”

याचं उत्तर मला आजही नेमकं सुचत नाही. अंगणात कुणाची तरी कोंबडी आली होती, बाईंनी तिला हाताने हुसकलं.

“मागं उजेड नको, उजेड नको, म्हणून मी घसा फोडते तो काय डोळ्यांसाठी?” त्या म्हणाल्या. “माझे डोळे अजून सुईत दोरा ओवतात.”

इतकी वर्षं मी तो निरोप गावोगाव पोचवत होते. बाईंच्या डोळ्यांना त्रास होतो. कधी मनातही आलं नव्हतं की मी माझ्याच तोंडावरचा दिवा काढायला सांगत फिरते आहे.

मी उठले. त्यांनी ओल्या हाताने माझं मनगट धरलं.

“डिसेंबरला गायचंय ना तुला?”

“हो.”

“मग गा. मी माईणकरांना सांगते. सांगते की मी तिला माफ केलं. गुरूनेच माफ केल्यावर लोकांना काय बोलायचं राहिलं?”

“माफ कशाबद्दल?”

“जांभईबद्दल,” बाई म्हणाल्या. “टॉवेल दे तो.”

मी टॉवेल दिला.

*

डिसेंबर.

माझं नाव छापून आलं. माईणकरांनी निवेदन स्वतः केलं. बाईंच्या मनाचा मोठेपणा त्यांनी पुष्कळ सांगितला आणि शेवटी म्हणाले की रसिकहो, आज जांभई देण्याची पाळी आपली नाही. सभागृह मनमोकळं हसलं. बाई पहिल्या रांगेत मधोमध होत्या, त्याही हसल्या. दाराशी मंडळाने पाटी लावली होती, फ्लॅशने फोटो काढण्यास सक्त मनाई. स्टुडिओवाला हात बांधून भिंतीशी उभा होता. त्या दिवशीचा माझा एकही फोटो नाही.

मी भीमपलास घेतला. मग मध्यमावर आले आणि मध्यमाने मला आत घेतलं. मागं सूर उचलायला कुणी नव्हतं. श्वास संपला की शांतता पडायची आणि ती माझीच असायची, मला ती आवडायला लागली. मी वाट बघत होते ती वरच्या साची. आज लावायचाही मी आणि धरायचाही मीच. जे कुणाला सांगता आलं नाही ते इथं नुसतं गाऊन दाखवता येणार होतं. ज्यांना कान आहेत त्यांना कळेल. हाच आवाज. हाच तो कण. हाच.

लावला. बाईंसारखा उतरला नाही, पण नीट बसला. आणि धरला. तो पसरत गेला, गोल होत गेला, माईणकरांनी लिहिलं होतं अगदी तसा. मी डोळे उघडे ठेवले होते. मला लोकांचे चेहरे बघायचे होते.

लोक माझ्या तोंडाकडे बघत होते.

कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकत होते. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला कोपर मारून आपल्या ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. कुणीतरी तोंडावर रुमाल धरला. माईणकर डोळे बारीक करून बघत होते, एखादा खोटा शिक्का ओळखावा तसे. आणि त्यांच्या शेजारी बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या एकट्याच त्या सभागृहात ऐकत होत्या. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता.

टाळ्या पडल्या. बऱ्या पडल्या.

नंतर विंगेत माईणकर आले. आवाज चांगला आहे, म्हणाले, तयारी आहे, मेहनत दिसते. मग थांबले. मला लागू नये असं काहीतरी शोधत होते.

“फक्त तो वरचा षड्ज,” ते म्हणाले. “तुमचं तोंड फार उघडतं हो. बाईंचा तो ओठ मिटलेला सूर तुमच्यात उतरला नाही.”

चार-सहा माणसं भोवती उभी होती. बाई मागून येत होत्या, लोक बाजूला होऊन त्यांना वाट देत होते. माईणकरांनी अदबीने त्यांच्याकडे वळून विचारलं, “चुकलं का बाई माझं काही?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला अजूनही वाटतं की एक क्षणभर त्यांच्या तोंडात दुसरं काहीतरी आलं होतं.

“तो सगळ्यांना नाही उतरत,” त्या म्हणाल्या.

सगळे बघत होते, म्हणून मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं, जवळ घेतलं. लोकांना वाटलं आशीर्वाद देताहेत. त्यांचे ओठ माझ्या कानाशी होते.

“मंगळवारी सोलापूर आहे,” त्या म्हणाल्या. “तुझ्याशिवाय जमायचं नाही गो. गाडी आदल्या रात्रीची आहे.”

सोमवारी रात्री मी तंबोरा घेऊन गाडीत बसले.

आता बाई नाहीत, माईणकर नाहीत. ओठ आवळून गाणाऱ्या मुलींनी पुढं आपल्या शिष्यांनाही तसंच शिकवलं. त्यांच्यातल्या एकीला परवा कुठलातरी पुरस्कार मिळाला.

सोलापूरला सभागृह भरून माणसं बाहेर उभी होती. बाईंनी तोडी घेतली. गंधारावरून चढल्या, हात वर गेला, वरचा सा लागला. मग त्यांनी गुडघा दाबला, आणि ओठ मिटून घेतले. सावकाश, अगदी शेवटच्या रांगेलाही दिसतील असे. सभागृहातून एक उसासा उठला. कुणी रडत होतं.

मी मागं काळोखात सूर धरून बसले होते.